एकशेऐंशीचा टी-शर्ट, वजन एकशे अठ्ठेचाळीस

गणेश चतुर्थीला सतरा दिवस राहिले होते आणि तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. अशा एका दुपारी इचलकरंजीतल्या एका मंडळाचे खजिनदार कोल्हापुरात माझ्या कारखान्यात आले. ओली छत्री दारातच टेकवली, पिशवीतून मीच छापून दिलेला मरून टी-शर्ट काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी मोबाइल. मोबाइलमध्ये किराणा दुकानातल्या काट्याचा फोटो. ताटलीत घडी घातलेला टी-शर्ट, आकडा १४८.

“एकशेऐंशी म्हणाला होता की तुम्ही, भाऊ.”

“अण्णा, तो जीएसएम आहे. टी-शर्टचं वजन नाही.”

“जी म्हणजे ग्रॅमच न्हवं?”

“हो, पण—”

“मग झालं तर. पावतीवर १८० लिवलंय, दिलाय १४८. नगामागं बत्तीस ग्रॅम. दोनशेवीस नग. सात किलो सूत गेलं कुठं?”

सात किलो चाळीस ग्रॅम. तोंडी गुणाकार, आणि बरोबर. अण्णा खर्चीवाले आहेत, आठ यंत्रमागांचे. म्हणजे दुसऱ्याचं सूत आणायचं, मजुरीवर कापड विणून द्यायचं. सूत वजनावर येतं आणि कापडाचा हिशेबही वजनावर द्यावा लागतो. मधे तूट दिसली की जाब विचारला जातो. अशा माणसाला ‘सूत गेलं कुठं’ हाच प्रश्न सुचणार. मला त्या दिवशी तो प्रश्न अडाणी वाटला, हे कबूल करतो. अण्णांचा हिशेब चुकला होता, पण संशय खरा होता, हे कळायला मला पुढचे पाच दिवस लागले.

ऑर्डर काय होती

२२० नग. गोल गळा, अर्ध्या बाह्या, मरून रंग, शंभर टक्के कॉटन, बायो-वॉश (कापडावरची लव काढणारी धुलाई). छातीवर मंडळाचं छोटं चिन्ह, पाठीवर एक ओळ. कोरे टी-शर्ट मी तिरुपूरहून शिवून मागवतो आणि इथं छापतो. साठ नग छापून मंडळाला पोचले होते, एकशेसाठ कोरे माझ्याकडे गठ्ठ्यात होते. कागदावर कापडाबद्दल एकच शब्द होता: ‘१८० जीएसएम’. धंद्यात आम्ही ‘एकशेऐंशीचा माल’, ‘दोनशेवीसचा माल’ असंच बोलतो, बोलता बोलता ‘एकशेऐंशीचा टी-शर्ट’ म्हणतो आणि गिऱ्हाइकाला तो वजनाचा आकडा वाटला की त्याला हसतो.

आणखी एक घोळ माझ्याच हातून झाला होता. मे महिन्यात अण्णांनी जो नमुना मंजूर केला तो एल साइजचा होता, १६४ ग्रॅम. काट्यावर ठेवला तो नग एम. एक साइज खाली आलं की कापडच कमी लागतं, पण हे मी नमुना देताना बोललो नव्हतो.

आधी साधा भाग

जीएसएम म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कापडाचं ग्रॅममधलं वजन. टी-शर्टला किती चौरस मीटर कापड लागतं, हे साइजवर ठरतं. आमच्या एम साइजची छाती ३८ इंच, उंची २७. शिलाईची दाब, खालची मोड धरून पुढचा-मागचा भाग आणि दोन बाह्या कागदावर मांडल्या तर क्षेत्रफळ भरतं ०.७८४ चौरस मीटर. म्हणजे मीटरभराच्या चौकोनाहून एक पंचमांशापेक्षा जास्त कमी. कापड बरोबर १८० चं असेल तर त्याचं वजन १४१ ग्रॅम. गळ्याची रिब, म्हणजे ताणली जाणारी पट्टी, ७, दोरा आणि लेबल ३, छपाईची शाई ४. एकूण १५५.

त्यामुळे १८० जीएसएमच्या एम टी-शर्टनं १८० ग्रॅम भरायचा प्रश्नच येत नाही. तसा भरला, तर एकतर कापड १८० चं नाही, नाहीतर टी-शर्ट एम नाही.

एक गंमत इथेच सांगतो. अमेरिकेत कापडाचं वजन चौरस यार्डाला औंसात सांगतात. आपलं १८० म्हणजे त्यांचं ५.३ औंस. आता चौरस यार्ड म्हणजे ०.८३६ चौरस मीटर, साधारण एका टी-शर्टाएवढंच कापड. आमचा १५५ ग्रॅमचा एम औंसात मोजला तर साडेपाचच्या जरा आत येतो. म्हणजे तिथल्या अण्णांनी ‘५.३ औंस’ हे टी-शर्टचंच वजन समजून काट्यावर टाकलं असतं, तर काटा जवळपास तेच बोलला असता आणि गैरसमज कधी उघडाच पडला नसता. मीटर यार्डापेक्षा मोठा, म्हणून आपल्याकडं प्रत्येक टी-शर्ट ‘कमी’ भरतो आणि प्रत्येक छपाईवाला चोर ठरतो.

हे सगळं मी अण्णांना कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“बरं. मग एकशे पंचावन पाहिजे. हाय एकशे अठ्ठेचाळीस. सात ग्रॅम?”

मी म्हटलं, किराण्याचा काटा, एक नग, इकडं-तिकडं होतंच. गठ्ठ्यातून दहा कोरे एम काढून एकदम तोलले, दहा नगांत काट्याची चूक वाटली जाते म्हणून. १,४४० ग्रॅम. नगाला १४४, शाईचे चार धरून १४८. किराणावाल्याचा काटा चोख होता.

अण्णांनी पिशवीतून दुसरा टी-शर्ट काढला. गेल्या वर्षीचा, दुसऱ्या कुणाकडून घेतलेला, उरलेला, न वापरलेला एक्सएल. “ह्यो बघा. एकशे शहाण्णव. ह्याला म्हणायचं कापड.”

गुजरीतला काटा

कापड कापल्याशिवाय आता पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. जीएसएम कटर म्हणजे तव्याएवढी जाड चकती. खाली रबरी पॅड ठेवायचं, वर कापड, खटका सोडायचा आणि दाबून पाव फेरा फिरवायचा. आतली चार पाती फिरतात आणि ११.२८ सेंटिमीटर व्यासाची गोल चकती बाहेर पडते. हा विचित्र आकडा अशासाठी की तेवढ्या चकतीचं क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस सेंटिमीटर भरतं. चकतीचं ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर, की झाला जीएसएम. कटर नसेल तर १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन नीट कापूनही काम भागतं. पाच चकत्या कापायच्या, शिवण आणि छपाई टाळून, एकाच उभ्या ओळीत न घेता तिरक्या. एका टी-शर्टचा बळी जातो, त्याला इलाज नाही.

कटर माझ्याकडं होता, पण काटा एका ग्रॅमचा. दीड-पावणेदोन ग्रॅमची चकती त्यावर तोलणं म्हणजे ट्रकच्या काट्यावर कोथिंबीर. म्हणून आम्ही दोघं चकत्या पाकिटात घालून गुजरीत माझ्या ओळखीच्या सराफाकडं गेलो. दुकान थंडगार, एसी सुरू. सराफानं काचेच्या पेटीतला काटा पुसला आणि पहिली चकती ठेवली.

१.७१४.

म्हणजे १७१. धंद्यात पाच टक्के कमी-जास्त चालवून घेतात. १८० ला खालची हद्द १७१. मी सुटकेचा श्वास घेतला. अण्णा काट्याकडं बघत राहिले होते.

“आवो, उतरतंय की.”

खरंच उतरत होतं. १.७११. १.७०८. १.७०३. कुणी हात लावला नव्हता, काचेचं दार बंद होतं. सराफ हसायला लागला, “तुमचं सोनं उडून चाललंय.” चहा येईपर्यंत आकडा १.६८ च्या खाली गेला होता.

कापूस हवेतली ओल पितो. कोरड्या कापसाच्या शंभर ग्रॅमला प्रमाण मानलेल्या हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला, साडेआठ ग्रॅम पाणी धरण्याचा व्यापारी रिवाज आहे. श्रावणातल्या कोल्हापुरात आर्द्रता नव्वदीला टेकते तेव्हा हे पाणी आणखी तीन-चार ग्रॅमनं वाढतं. एसीत आल्यावर ते सुटायला लागतं. पुस्तकात हे मी वाचलं होतं. डोळ्यांसमोर चकती हलकी होताना पहिल्यांदा पाहिलं. म्हणूनच मोजणीआधी कापड ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत मुरवायचं असतं. भारतीय मानकात तापमान २७ अंश, आंतरराष्ट्रीय मानकात २० अंश. पावसाळ्यात गोदामात केलेली मोजणी नेहमी विकणाऱ्याच्या बाजूनं झुकते, हे त्या सराफाच्या दुकानात माझ्या डोक्यात शिरलं. माझा १७१ पावसानं दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी चकत्या इचलकरंजीतल्या एका कापड-प्रयोगशाळेत दिल्या. रात्रभर मुरवून आकडा आला: १६५. तूट आठ टक्के. पाच टक्क्यांच्या सवलतीत न बसणारी.

गेल्या वर्षीच्या ‘ह्याला म्हणायचं कापड’ची चकती: १५८.

१९६ ग्रॅमचं रहस्य

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मी बोललो नाही, कारण माझा स्वतःचा १६५ अजून घशात अडकला होता.

एक्सएलची छाती ४४ इंच, उंची ३०. कापड जवळजवळ एक चौरस मीटर. १५८ जीएसएमनं १५८ ग्रॅम. रिब, दोरा, लेबल मिळून १४. राहिले २४ ग्रॅम, ती छपाई. पुढून-मागून सगळ्या अंगावर जाड प्लास्टिसॉल, म्हणजे प्लास्टिकसारख्या, शाईचा बाप्पा. हात फिरवला तर रेक्झिनसारखा लागत होता. म्हणजे अण्णा ज्याला कापड म्हणत होते त्यात पाव छटाकापेक्षा जास्त शाई होती, आणि उरलेलं वजन मोठ्या साइजचं. कापड आमच्या कमी भरलेल्या कापडापेक्षाही हलकं, वर पॉलिस्टर मिसळलेलं.

काट्यावरचं वजन अशी सगळ्यांची बेरीज असते: साइज, कापड, रिब, शाई, हवा. त्यातून कापड वेगळं काढल्याशिवाय कापडाबद्दल काही कळत नाही. ऑनलाइन विक्रीत तर ‘वजन २५० ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं, त्यात पिशवी आणि पुठ्ठाही असतो. लोक ते वाचून ‘हेवी आहे’ म्हणतात.

मग अण्णांनी जे केलं ते मी कधी केलं नव्हतं. सदऱ्याच्या वरच्या खिशातून पिक मोजायची काच काढली. पितळेची, घडीची, एक इंचाचं चौकोनी भोक असलेली. इचलकरंजीत ही काच पेनासारखी खिशात असते, कारण तिथं मजुरीच पिकावर ठरते, एका इंचात आडवे धागे किती त्यावर. “जीएसएम-बिएसएम आमाला कळत न्हाई. रीड किती, पिक किती आणि काउंट किती, एवढं सांगा. कापड आमी सांगतो.”

विणकराच्या कापडाची घनता अशी सरळ असते. उभे धागे इतके, आडवे इतके, सूत अमुक नंबरचं. माग थांबला की ते आकडे गोठले. होजिअरीत धागे उभे-आडवे नसतात, फासे असतात, एकात एक अडकवलेले. आम्ही ट्यूबलाइटखाली बसून काचेतून फाश्यांच्या उभ्या आणि आडव्या रांगा मोजल्या. आमच्या टी-शर्टला इंचात उभ्या ३४, आडव्या ४५. गेल्या वर्षीच्याला ३० आणि ४२. कापडामागं हात धरला तर गेल्या वर्षीच्यातून बोटं वेगवेगळी दिसत होती, आमच्यातून नुसती सावली.

पुढचं काम अण्णांच्या बोटांचं. कापडाच्या कडेला शंभर फासे मोजून दोन्ही टोकांना पेनानं खूण केली, त्या रांगेतला धागा उसवून काढला आणि न ताणता, पण वळ्या जातील इतपत, पट्टीवर सरळ धरला. आमचा धागा २८.५ सेंटिमीटर. म्हणजे एका फाश्यात २.८५ मिलिमीटर सूत. गेल्या वर्षीचा ३३ सेंटिमीटर, फाश्याला ३.३. प्रयोगशाळेच्या कागदावर दोन्ही सुतांचा काउंट, म्हणजे सुताचा नंबर, २४ च्या आसपास होता. सूत सारखं, फासा वेगळा. फासा मोठा की इंचात फासे कमी बसतात, कापड सैल होतं.

यावरून वजन काढता येतं. ३४ गुणिले ४५, चौरस इंचात १,५३० फासे. चौरस मीटरमध्ये १,५५० चौरस इंच, म्हणजे २३ लाख ७१ हजार फासे. प्रत्येकात २.८५ मिलिमीटर सूत: पावणेसात किलोमीटर. २४ नंबरचं सूत किलोमीटरला २४.६ ग्रॅम भरतं. उत्तर १६६. चकतीनं सांगितलं होतं १६५. अण्णांनी मोबाइलवर दोनदा करून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसले. “आता बोलला तुम्ही आमच्या भाषेत.”

मला मात्र हसू आलं नाही. २४ नंबर आणि २.८५ चा फासा या जोडीनं कापड १८० च्या आसपास भरायला हवं. हीच जोडी मी ऑर्डर दिली होती, आणि सूत आणि फासा दोन्ही बरोबर निघाले होते. मग पंधरा ग्रॅम कुठं गेले?

(जाता जाता: १८० नुसतं म्हटलं तर त्यातून कापड कळत नाही, याचं कारणही इथंच आहे. २० नंबरचं जाड सूत ३.५ च्या सैल फाश्यात विणलं तरी १८० च्या आसपास येतं आणि २६ नंबरचं बारीक सूत २.६५ च्या घट्ट फाश्यात विणलं तरीही. पहिलं हाताला जाड लागतं आणि चार धुण्यांत शिवण पोटावर तिरकी येते. दुसरं पातळ वाटतं आणि वर्षभर आकार धरतं. दुकानात चिमटीत धरून पाहणारा माणूस बहुतेक वेळा पहिलंच उचलतो.)

धुतल्यावर

एका कोऱ्या टी-शर्टवर उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना ५० सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि घरच्या मशीनमध्ये तीनदा धुऊन ड्रायरमध्ये वाळवला. बायकोनं विचारलं, गणपतीत हा एकच टी-शर्ट धुवायचाय का. उभी खूण ४७ वर आली, आडवी ४८.५ वर. उंचीत सहा टक्के, रुंदीत तीन टक्के आक्रसला. काचेखाली ३४ च्या जागी ३५ आणि ४५ च्या जागी ४८.

सूत तेवढंच, जागा कमी. १६५ ला ०.९४ आणि ०.९७ च्या गुणाकारानं भागलं की १८१.

पंधरा ग्रॅमचं उत्तर मिळालं. कापड विणताना बरोबर होतं. नंतर ते ताणलं होतं. रंगाईनंतर कापड स्टेंटरवर दोन्ही कडांना धरून रुंदीत सपाट करतात आणि मग कॉम्पॅक्टरमध्ये लांबीत दाबून फाशांना मूळ बसक्या आकारात आणतात. इथं रुंदी सत्तरच्या जागी बहात्तर इंच धरली गेली होती आणि दाबण्यात हात आखडता घेतला होता. रेल्वेतल्या बाकावर चार माणसं पाय पसरून बसली की बाक भरल्यासारखा दिसतो, तसं.

यात फायदा कुणाचा? होजिअरीचं कापड किलोवर विकत मिळतं आणि टी-शर्ट नगावर विकला जातो. एक किलो १८० जीएसएमचं कापड म्हणजे ५.५६ चौरस मीटर. तेच १६५ पर्यंत ताणलं की ६.०६. किलोमागं अर्धा चौरस मीटर फुकट. कापड विणणाऱ्याला यात काही नाही, त्यानं किलो तोलून पैसे घेतले. कापणाऱ्याला दर अकरा-बारा नगांमागं एक नग जास्त निघतो. आणि ग्राहकाला नवा टी-शर्ट घातल्यावर काहीच कळत नाही. तिसऱ्या धुण्यानंतर कळतं, तेव्हा तो मशीनला दोष देतो.

तिरुपूरला फोन लावला. पुरवठादार दहा वर्षांचा ओळखीचा, आवाज गोड. “सर, वॉश के बाद देखो. वन एटी आएगा.” आधी म्हणाला बायो-वॉशमध्ये लव जाते, दोन-तीन टक्के वजन घटतंच. ते खरं आहे, पण ते दोन-तीन टक्के सूत ठरवतानाच धरायचे असतात. मग म्हणाला, तुमच्या ऑर्डरमध्ये १८० धुण्याआधी की नंतर, कुठं लिहिलंय? तेही खरं होतं. कुठंच लिहिलं नव्हतं.

आणि इथं मला अण्णांचा पहिला प्रश्न पुन्हा आठवला. एम नगाला १८० च्या हिशेबानं जे सूत असायला हवं होतं, त्यात बारा ग्रॅम कमी होते. पावसाळी हवेत चोख नग १६० च्या आसपास भरला असता, आमचा १४८ भरला. बत्तीस नव्हे, बारा. सगळे नग एम धरले तर सात किलो नव्हे, दोन किलो सहाशे चाळीस ग्रॅम. पण सूत गेलं होतं, आणि ते गेलंय हे किराण्याच्या काट्यानं सगळ्यात आधी सांगितलं होतं. माझ्या कटरनं तर पावसाच्या मदतीनं मला पास केलं होतं.

तोडगा

बारा दिवस उरले होते. नवा माल येणं शक्य नव्हतं. मी अण्णांना बिलातल्या कापडाच्या दरानं तुटीचे पैसे देऊ केले. ते जेमतेम अकराशे-बाराशे रुपये होत होते. त्यांनी हात हलवला. “पैशाचं ऱ्हाऊ द्या. मिरवणुकीत ढोल उचलला की पोराचं पोट दिसाय लागलं, तर मला विचारत्यात.”

मुद्दा बरोबर होता. २७ इंचांचा टी-शर्ट धुतल्यावर साडेपंचवीसच्या आत येणार होता. मग उलट विचार केला: आक्रसायचंच आहे तर छपाईआधी आक्रसू दे. एकशेसाठ कोरे नग हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत दिले, धुऊन ड्रायरमध्ये कडक वाळवून घेतले. परत आले ते खरोखर १८० चे होते, हाताला भरीव, काचेखाली घट्ट, फक्त एक साइज लहान. एलवर एमचं लेबल, एक्सएलवर एलचं. लेबलं बदलताना दोन मुलींचा दीड दिवस गेला. मोठ्या साइजचे ३४ नग कमी पडले. ते मी कोल्हापुरातल्याच एका घाऊक दुकानातून उचलले, मरून रंग अर्धा पाव फिका, पण मिरवणूक रात्रीची होती. छापलेले साठ नग मंडळानं बारीक पोरांना वाटले. लाँड्री आणि ३४ नगांचा भुर्दंड माझा. त्यातला निम्मा तिरुपूरवाल्यानं पुढच्या बिलात वळता केला, तोही तीन फोननंतर.

गणपती झाल्यावर मी पावतीचा मजकूर बदलला. आता कापडाच्या ओळीत लिहितो: २४ काउंट कोम्ब्ड, फासा २.८५ मिमी, धुण्याआधी १८० जीएसएम, पाच टक्के कमी-जास्त, ६५ टक्के आर्द्रतेला मुरवून. तीन धुण्यांनंतर आकसणं दोन्ही दिशांना पाच टक्क्यांच्या आत. हे पहिल्यांदा छापून आणलं तेव्हा अण्णा पुढच्या वर्षीच्या पताकांचा भाव विचारायला आले होते. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं.

“समदं बरोबर. पण ह्यातलं मला काय तपासता येणार? कटर न्हाई माझ्याकडं. टी-शर्ट कापूनबी बघणार न्हाई मी.” त्यांनी बोट पावतीच्या मोकळ्या जागेवर ठेवलं. “हितं एमचं वजन लिवा.”

तेवढं मी घालतो आता. ‘एम, छपाई सोडून, १५१ ग्रॅम, दहा नग एकत्र तोलावेत, पावसाळ्यात पाच ग्रॅम जास्त धरावेत.’